पिंजर लावलेलं कार्ट्रिज

पेडण्याच्या बाजारात सुमंगला शेटकरचं दुकान विचारलंत तर माणूस नुसतं बोट दाखवत नाही, दारापर्यंत येऊन सोडतो. दुकान म्हणजे काय, एक टेबल, एक संगणक, झेरॉक्सचं एक धूड आणि बाकावर पिशव्या घेऊन बसलेली चार माणसं. पिशव्यांत कागद. मुंडकाराचे, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर असलेल्याचे; वारसाचे; एक-चौदाच्या, म्हणजे तुमच्या सातबाराच्या, उताऱ्याचे; पेन्शनचे. सोन्याची साखळी सख्ख्या भावाकडे ठेवणार नाहीत अशी माणसं घराचे मूळ कागद तिच्या खणात ठेवून बाजार करायला जातात. पंधरा वर्षांत त्या खणातून साधी चिठ्ठी हरवलेली नाही.

अशा बाईला एका कंपनीनं भर बाजारात लबाड ठरवलं. ती गोष्ट लिहायला बसलोय आणि लिहितानाही डोकं तापतंय. तेव्हा कुठं एखादा शब्द जास्त गेला तर तो माझा समजा, तिचा नव्हे.

तिचा नवरा गुरुदास आणि मी शिरगावच्या खाणीवर एकाच मालकाचे टिपर चालवायचो. म्हणून ती माझी वयनी, म्हणजे वहिनी. खाणी बंद पडल्या. गुरुदासची कंबर टिपरच्या सीटनं आधीच खाल्ली होती, घर वयनीच्या टायपिंगवर आलं. मी लोकांची भांडणं भांडायला लागलो. माझी शाळा नववीपर्यंत. कायदा मी माझ्याच फेटाळलेल्या अर्जांवरून शिकलो. कुठल्या कारणानं फेटाळला ते वाचायचं आणि पुढच्या खेपेस ते भोक बुजवून परत द्यायचा. वकील लोक मला हसतात. हसू देत.

दोन वर्षांमागं वयनीनं म्हापशाहून रंगीत प्रिंटर आणला. कंपनीचं नाव मी घालत नाही. घाबरून नाही, एकीचं घातलं तर बाकीच्या साळसूद होऊन बसतील, आणि सगळ्या एकाच माळेचे मणी. मशीन स्वस्त होतं. स्वस्त का होतं ते शाईची कार्ट्रिजं विकत घ्यायची वेळ आली तेव्हा कळलं. चार डब्या, प्रत्येक आगपेटीएवढी, आणि चारींची किंमत मिळून अर्ध्या मशीनला टेकलेली. बकरी फुकट द्यायची आणि दावं सोन्याचं विकायचं, असला धंदा.

पहिला झटका दुसऱ्याच महिन्यात बसला. एका म्हातारीचा पेन्शनचा अर्ज काढायचा होता. पांढरा कागद, काळी अक्षरं, दुसरा रंग औषधाला नाही. मशीन म्हणालं, पिवळी शाई संपली, आधी ती घाला. काळी डबी भरलेली होती, तरी मशीन हलेना.

"रुद्रेश, माका एक सांग," वयनीनं मला विचारलं, "हळद संपली म्हणान कोणी भात रांधूचो सोडता काय रे?"

मी कंपनीच्या नंबरावर फोन लावला. पलीकडची मुलगी मधासारखं हिंदी बोलली. म्हणाली, सर, हे मशीनच्या सुरक्षेसाठी आहे. मी विचारलं, कोणापासून सुरक्षा, म्हातारीपासून? तिनं फोन ठेवला.

बाजारातले बाकी सगळे दुकानवाले इंजेक्शनच्या सुईनं डबीत बाटलीतली शाई भरतात. दीडशे रुपयांत काम होतं आणि छापही बरा येतो. मीही वयनीला तेच सांगितलं. मशीन तुझं, डबी तुझी, तिच्यात शाई भर नाहीतर सोलकढी भर, कंपनी कोण विचारणार? पण ती ऐकेना.

"लोकांच्या जमिनीचे कागद मी छापतंय. धा वर्सांनी कोणी कोर्टात कागद काढलो नि अक्षर उडालेला असला, तर त्या माणसाकडे मी खयच्या तोंडान बघू?"

म्हणून ती म्हापशाच्या अधिकृत दुकानातून, शिक्का मोडला नाही अशी डबी घ्यायची, बिल घ्यायची, बिल फायलीला लावायची. सगळ्या तालुक्यात कंपनीचं ऐकणारं एकच गिऱ्हाईक होतं, आणि कंपनीनं नेमकं त्यालाच पकडलं.

आता दसऱ्याची गोष्ट. आमच्याकडे दसऱ्याला ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा. सुताराचा रंधा, माडावर चढणाऱ्या माडेलाची कोयती, आमचा टिपर. त्या दिवशी गाडी धुवायची, झेंडूची माळ घालायची आणि पिंजर लावायची. पिंजर म्हणजे तुमचं कुंकू. गुरुदास टिपरवर होता तेव्हाही बॉनेटला पिंजर लावू द्यायचा नाही. "बॉनेट काय, पत्रो तो. पोट भरता इंजिन. इंजिनाक लाव," म्हणायचा, आणि बॉनेट उघडून आतल्या गरम लोखंडावर बोट टेकायचा. वयनीनं वीस वर्षं ते पाहिलेलं. तिनंही दसऱ्याच्या सकाळी प्रिंटर पुसला, झाकण उघडलं आणि आतल्या चारही डब्यांना ओल्या बोटानं पिंजर लावली. काळ्या डबीला बोट जरा खाली गेलं, तिथल्या तांब्याच्या पट्टीला लागलं. तिनं पदरानं पुसलं. मशीन चालू केलं, चाललं. संपलं. ही गोष्ट तिनं मला तेव्हा सांगितली नाही. सांगण्यासारखं त्यात तिला काही वाटलंच नाही.

दसरा झाला की जत्रांच्या नाटकांच्या तालमी सुरू होतात. पार्से गावचं नाटक बसवतात विठ्ठल मास्तर. पोस्टातून निवृत्त झालेला माणूस, आवाज असा की पडदा हलतो. नाटकाच्या नकला छापायचं काम दरवर्षी वयनीकडे. नक्कल म्हणजे एका नटाच्या वाट्याची भाषणं तेवढी वेगळी काढलेली, आणि प्रत्येक भाषणाआधी समोरच्या नटाचं शेवटचं वाक्य, म्हणजे आपण कधी तोंड उघडायचं ते कळतं. वयनी ते समोरच्याचं वाक्य तांबड्या अक्षरांत छापायची आणि भाषण काळ्या. अक्षर मोठं, कारण आमचे राजे-प्रधान पन्नाशीपुढचे आणि चष्मा लावून राज्य करायला लाजणारे. प्रत्येक पानाच्या तळाशी छापल्याची तारीख. ही तारीख घालायची सवय तिला अर्ज टाईप करून लागलेली.

बारा नकला होत्या. दसऱ्यानंतर आठवड्याला दोन-तीन अशा अकरा निघाल्या. नोव्हेंबरातल्या एका शनिवारी सकाळी तिनं दुकान उघडलं, मशीन चालू केलं. मशीन आपणहून गुरगुरलं, बराच वेळ दिवे मिचकावले आणि पडद्यावर अक्षरं आली: कंपनीनं मशीनमध्ये सुधारणा केली आहे. त्याखाली दुसरी ओळ: हे कार्ट्रिज अस्सल नाही, काम थांबवलं आहे.

काल रात्रीपर्यंत अस्सल असलेली डबी सकाळी बनावट झाली. दुकान बंद होतं, कुलूप वयनीच्या कमरेला होतं, आणि कंपनी वायफायच्या वाटेनं आत शिरून मशीनला नवीन शहाणपण शिकवून गेली. चोर कौलं काढून येतो तेव्हा निदान आवाज तरी होतो.

"खलनायक मशीनात अडाकलो," वयनी मास्तरांना फोनवर म्हणाली. बारावी नक्कल खलनायकाची होती. तेव्हा ती हसत होती.

कंपनीचा माणूस सहाव्या दिवशी आला. दीपक नावाचा पोरगा, खानापूरच्या बाजूचा, पाठीला पिशवी आणि अंगाला घाम. त्याच वेळी विठ्ठल मास्तर खलनायक न्यायला आलेले, बाकावर तीनचार गिऱ्हाइकं. दीपकनं झाकण उघडलं, काळी डबी काढली, उलटी केली.

"मावशी, इथं लाल लागलंय."

"लाल?"

"लाल म्हणजे बाहेरची शाई. भरून घेतलंय तुम्ही."

"मी नाय भरूक, बाबा. ही बिला बघ."

त्यानं बिलं पाहिली नाहीत. पाहून उपयोगही नव्हता. नंतर मी त्याला गाठलं तेव्हा त्यानं मला मोबाईल दाखवला. कंपनीनं त्याला कारणांची यादी दिलेली, तिच्यातलं एक दाबल्याशिवाय तक्रार बंद होत नाही. पाणी गेलं. उंदरानं कुरतडलं. वीज जास्त आली. बनावट शाई. गिऱ्हाइकानं उघडलं. सगळ्या यादीत 'कंपनीची चूक' असा रकानाच नव्हता. पोरगा तरी काय दाबणार? तेव्हा मी त्याच्यावर ओरडलो. ओरडायचं होतं ते यादी करणाऱ्यावर. पण तो थंड खोलीत बसलेला, माझ्या हाती लागत नाही.

दीपकनं बोट दाबलं आणि नियमाप्रमाणे शेरा मोठ्यानं वाचून दाखवला. "ग्राहकानं बनावट शाई वापरल्याचं आढळलं. दुरुस्ती मोफत होणार नाही." मग वयनीची सही मागितली. तिनं दिली नाही. त्यानं 'सही नाकारली' असंही लिहिलं आणि काळी डबी वर्कशॉपात तपासायला म्हणून पिशवीत घातली.

मास्तर उठले, टेबलावरची आपली पेनड्राईव्ह उचलली.

"बाय, तू सुद्धां?" एवढंच म्हणाले. अस्सल शाईचे पैसे घेऊन बाटलीची शाई वापरली, असा त्याचा अर्थ. बाहेर पडले ते थेट समोरच्या दुकानात. तिथं बाटलीचीच शाई भरतात, सगळ्यांना ठाऊक आहे. पण तो दुकानदार तसं सांगून भरतो. वयनी न सांगता भरते, असं त्या दिवशी ठरलं.

पुढच्या आठवड्यात सत्यवती नावाची एक बाई आली. तिच्या मुंडकारी घराचे मूळ कागद दोन महिने वयनीच्या खणात होते. "पोरगो म्हणता, घरात आणून ठेव," ती जमिनीकडे बघत म्हणाली. वयनीनं कागद काढून दिले, पानं मोजून दिली. मग दोन दिवसांत आणखी तिघांनी नेले. कोणी कारण सांगितलं नाही. ते मला गुरुदासनं सांगितलं, वयनीनं नव्हे. तो दुकानात स्टेपल मारत बसतो, त्याला सगळं दिसतं.

मी पोचलो तो तावातावानं. ग्राहक आयोगाकडे जायचं, पर्वरीला. अर्ज मीच लिहिला, चार पानी, जाळ नुसता. त्यात मी घातलं: मशीन विकल्यावर कंपनीचा त्याच्यावर हक्क उरत नाही. गिऱ्हाइकानं कुठली शाई भरावी हे कंपनीनं सांगू नये. बाटलीची शाई भरणं हा गुन्हा नाही, गुन्हा आहे तो रात्री चोरून मशीन बदलणं.

वयनीनं अर्ज वाचला, लाल पेन घेतलं आणि मधलं सगळं खोडलं.

"हे काय केलंस?"

"मी बाटलीची शाई भरूक नाय. जे मी करूकच नाय, त्याची वकिली माझ्या अर्जात कित्याक?"

"वयनी, हे तत्त्व आहे! उद्या सगळ्या तालुक्याला..."

"तालुक्याचो अर्ज तू वेगळो घाल. हो माझो. माझो शेरो काढ, बस."

"अगे, शेरा खरा असता तरी कंपनी चूकच होती!"

"असता तर. पण तो खरो नाय, रुद्रेश. तुका त्याचा काय पडला नाय, माका पडला."

मी दोन दिवस दुकानाकडे फिरकलो नाही. इतक्या वर्षांत माझ्या अर्जावर लाल पेन कोणी चालवलं नव्हतं, आणि ज्यांनी चालवलं त्यांना पगार होता. पण शेवटी तिनं खोडलेलाच अर्ज गेला, बिलं जोडून. तक्रारदार ती, सही तिची.

चार महिन्यांनी कंपनीचं उत्तर आलं. जाड कागद, वर चकचकीत फोटो. काळी डबी, मोठी करून दाखवलेली, तांब्याच्या पट्टीजवळ लाल फराटा. खाली: हा बाह्य रंग तक्रारदाराच्या खोटेपणाचा पुरावा आहे.

मी तोवर बाजारात, टपऱ्यांवर, बसमध्ये, सगळीकडे सांगून बसलो होतो की लाल-बिल काही नाही, कंपनी धादांत खोटं बोलते. फोटो घेऊन दुकानात गेलो.

"वयनी, हे काय?"

तिनं चष्मा लावला. बघितलं. आणि हसली!

"पिंजर ती. दसऱ्याची."

मी बाकावर बसलो. "डबीला? आत?"

"इंजिनाक लावतत ना," गुरुदास मागून म्हणाला, जसं काही जगातल्या सगळ्या अभियंत्यांना हे ठाऊक असतं.

मी डोक्याला हात लावला. समजावलं. म्हटलं, पिंजर म्हणालीस तर त्यांचा वकील नाचेल. बाहेरचा पदार्थ गिऱ्हाइकानं स्वतः लावला, वॉरंटी खलास, केस खलास. तू एवढंच म्हण की लाल कसलं ते मला ठाऊक नाही. वर्कशॉपात लागलं असेल. सिद्ध त्यांनी करावं.

"म्हणजे खोटा बोलू?"

"खोटं नाही. गप्प रव."

"माझ्या बोटान लावलेली पिंजर माझी न्हय म्हणू? नि मग दाराक लावलेली कोणाची? कपाळाची कोणाची?" तिनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "त्यांनी माका खोटी म्हटला म्हणान मी भांडतंय. तू माका खरीच खोटी करतलंस."

मला राग आला, पण रागातच एक गोष्ट सुचली. पिंजर दसऱ्याची. मशीन थांबलं नोव्हेंबरात. मधल्या दिवसांत ते चाललं याचा पुरावा काय? नकला! अकरा नकला, प्रत्येक पानावर तारीख, तांबडी आणि काळी दोन्ही अक्षरं. त्या सगळ्या विठ्ठल मास्तरांच्या कपाटात.

वयनी त्यांच्याकडे मागायला जाणार नाही हे मला ठाऊक होतं. मी गेलो. मास्तर पार्शाला अंगणात काजूच्या बिया वाळत घालत होते.

"मास्तर, मागच्या नाटकाच्या नकला पाहिजेत."

"कित्याक?"

"कोर्टात लावायला. तुम्ही जिला 'तू सुद्धां' म्हणालात, तिच्या बाजूनं."

"मी काय खोटा बोललंय? कंपनीच्या माणसान सगळ्यांसमोर वाचून दाखयला."

"कंपनीचा माणूस मोबाईल वाचत होता, मास्तर. तुम्ही बाईला तीस वर्षं ओळखता. तुमच्या बायकोच्या मरणाचा दाखला कोणी आणून दिला घरपोच? समोरच्या बाटलीवाल्यानं?"

मास्तर उभे राहिले. आवाज चढवला, आणि त्यांचा चढला म्हणजे शेजारची कुत्री भुंकायला लागतात. "तू माका शिकवू नको रे! नऊ यत्ता शिकलंस, नि फिरतंस वकील होवन!"

"नऊ तर नऊ. पण नववीत मला एवढं कळलं होतं की माणसाला विचारल्याशिवाय निकाल द्यायचा नसतो!"

अर्धा तास आम्ही ओरडलो. शेवटी ते आत गेले आणि नकलांचा गठ्ठा आणून बियांच्या शेजारी आपटला. "नकला देवळाच्यो, माझ्यो न्हय. म्हणान दितंय. साक्षीक मी येवचंय नाय." मी गठ्ठा उचलला. आभार मानले नाहीत.

पर्वरीच्या तारखेला आम्ही तिघं पहिल्या बसनं गेलो. गुरुदास कंबरेला पट्टा बांधून उभाच राहिला, बाकावर बसणं त्याला जमत नाही. कंपनीचा वकील पणजीचा, इस्त्रीचा माणूस. त्यानं फोटो दाखवला आणि सभ्य आवाजात सांगितलं की तक्रारदार बाई मुद्दाम सत्य लपवत आहेत.

आयोगाच्या अध्यक्ष मॅडमनी वयनीला विचारलं, "हा लाल रंग कसला?"

"मॅडम, पिंजर ती," वयनी म्हणाली. "माझ्या बोटाची."

वकिलाच्या चेहऱ्यावर चतुर्थीचा सण आला. "म्हणजे उत्पादनाच्या आतल्या भागाला बाहेरचा पदार्थ लावल्याचं बाई स्वतःच मान्य करतात. नोंद व्हावी."

"व्हावी ना," वयनी त्याच्याकडे वळली. आता ती कागदावरची मराठी बोलायला लागली, अर्ज टाईप करताना बोलते तशी. "लावली. दसऱ्याला लावली, दर दसऱ्याला लावते. तुमच्या मशीनला मी पूजलं, आणि तुम्ही मला चोर म्हटलंत. पिंजरीनं मशीन बंद पडायचं तर त्याच दिवशी पडलं असतं. हे बघा." तिनं नकला एकेक करून टेबलावर मांडल्या. राजा, प्रधान, सेनापती, राणी. दसऱ्याच्या आठ दिवसांनंतरची तारीख, दहा दिवसांनंतरची, दिवाळीनंतरची. "ही तांबडी अक्षरं बघा, ही काळी बघा. बाटलीची शाई असती तर तुमच्या माणसानं काळ्या डबीतला एक थेंब कागदावर टाकून दाखवला असता. त्यानं थेंब टाकला नाही, बोट दाबलं."

मॅडमनी चार पानं उलटली. राणीच्या नकलेतलं एक भाषण वाचताना त्यांचे ओठही हलले, मी पाहिलं. मग त्यांनी वकिलाला विचारलं, "त्या शनिवारी सकाळी तुमच्या कंपनीनं या मशीनमध्ये नेमकं काय बदललं?"

"त्याबद्दल मला कंपनीकडून सूचना घ्याव्या लागतील."

मी मोठ्यानं हसलो. मला समज मिळाली. मिळू दे, त्या हसण्याचे पैसे वसूल झाले. त्या प्रश्नाच्या उत्तरासाठी कंपनीनं पुढच्या दोन तारखा घेतल्या आणि दोन्ही वेळा सूचना मिळालेल्या नव्हत्या. मशीनच्या पोटात आपण काय घातलं हे सांगायला कंपनीला तीन महिने पुरले नाहीत. वयनीनं काय घातलं हे सांगायला दीपकला तीन मिनिटं पुरली होती.

तिसऱ्या तारखेला वकिलानं आम्हांला व्हरांड्यात गाठलं. नवीन मशीन, वरचं मॉडेल. वर्षभराची शाई फुकट. बाईंनी तक्रार मागं घ्यायची, कोणाचीही चूक नाही असं लिहून द्यायचं.

गुरुदासनं वयनीकडे पाहिलं. इतके महिने रंगीत कामं ती समोरच्या दुकानातून करून आणत होती, पदरचे पैसे घालून. "घे गे," तो हळूच म्हणाला. "शाई पण देतत."

"मशीन नको," वयनी वकिलाला म्हणाली. "शेरा काढा."

"बाई, तो रिपोर्ट आता सिस्टिममध्ये गेला. तिथून बदलता येत नाही."

"मग कागदावर बदला. मराठीत. कंपनीचं नाव छापलेल्या कागदावर, सही-शिक्क्यानं. मशीनचे पैसे परत द्या आणि ते धूड घेऊन जा. माझ्या दारात दोन कुलपं नकोत, एक माझं, एक तुमचं."

वकिलानं माझ्याकडे पाहिलं, मी काहीतरी समंजस बोलेन म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझ्याकडून समंजसपणाची अपेक्षा केली. मी म्हटलं, "लिहून घ्या. बाई हळू सांगतात तोवर."

दीड महिन्यानं पत्र आलं. पैसेही आले. प्रकरण आयोगापुढं तडजोडीनं मिटलं.

मी खूश नव्हतो. अजून नाही. तडजोड झाली म्हणजे निकाल झाला नाही. मशीन विकून झाल्यावर रात्री आत शिरून ते बदलायचा कंपनीला हक्क आहे की नाही, यावर एक ओळ कुठं लिहिली गेली नाही. पिवळी संपली म्हणून काळी अडवणारी मशीनं म्हापशाच्या दुकानांत आजही कागदी फुलं लावून मांडलेली आहेत. मी वयनीला म्हटलं, आपण हरलो.

"तू हरलंस," ती म्हणाली. "तुझी केस तू घाल. टाईप मी करून दितंय. फुकट न्हय हां."

तिची केस अजून पुरी झाली नव्हती. पुढच्या दसऱ्यानंतर पार्शाच्या देवळाच्या मांडवात नव्या नाटकाची तालीम सुरू झाली. पहिल्या दिवशी सगळे येतात, नट, पेटीवाला, पडदेवाला, देवस्थानाची माणसं, बघायला आलेल्या बायका. वयनी मला म्हणाली, मोटारसायकलनं सोड. मांडवात ती सरळ पुढं गेली. विठ्ठल मास्तर हातात नवी संहिता घेऊन उभे होते.

"मास्तर, एक कागद वाचून दाखयशात?"

"कसलो?"

"वाचा. मोठ्यान. तुमचो आवाज बरो."

मास्तरांनी कागद घेतला, वरची ओळ पाहिली आणि घुटमळले. इकडं तिकडं बघितलं. चष्मा खिशात होता, तो लावावा लागला.

"श्रीमती सुमंगला गुरुदास शेटकर यांस," ते वाचायला लागले, पोस्टमास्तरच्या आवाजात, जसं तार वाचायची सवय असावी. "आपल्या प्रिंटरसंबंधीच्या अहवालात आमच्या प्रतिनिधीनं नोंदवलेला, ग्राहकानं बनावट शाई वापरली, हा शेरा चुकीचा होता. कार्ट्रिज आमच्याच कंपनीचं व अस्सल असल्याचं आम्ही मान्य करतो. सदर शेरा मागं घेत आहोत आणि आपल्याला झालेल्या..." इथं त्यांनी कागद डोळ्यांजवळ घेतला. "...मनस्तापाबद्दल दिलगीर आहोत."

कागद खाली घेऊन ते वयनीकडे बघत राहिले.

"बाय..."

"मागच्या बायकांका ऐकूक येवक नाय, मास्तर," वयनी म्हणाली. "परत वाचा."

मास्तरांनी चष्मा सारखा केला, छाती भरून घेतली आणि तिच्या नावापासून पुन्हा सुरुवात केली.